मावेल तेवढं विंडोज

कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. मशीन उघडलं, नीट केलं, बंद केलं की दर वेळी एखादा स्क्रू हातात उरतोच. तो ड्रॉवरमध्ये टाकायचा. काही वर्षांनी ड्रॉवरच उघडेनासा होतो! माझ्याकडचे किस्से असेच साठलेत. कुठला स्क्रू कुठल्या मशीनचा, ते मला विचारू नका. मी तेव्हाही दमलेली होते, आजही आहे.

नव्वदीच्या दशकाचा मधला काळ. नोएडात शेतं संपून सेक्टर सुरू होत होते आणि प्रत्येक सेक्टरात एक पनीरवाला, एक केबलवाला आणि एक कॉम्प्युटरवाला दुकान थाटत होता. आमच्या सेक्टरातला कॉम्प्युटरवाला म्हणजे खुराणा. आधी ते डेझर्ट कूलर विकायचे. पुढे काचेचं शोरूम, एसी, पाहुण्यांसाठी लांबलचक सोफा आणि नवी कोरी मशीनं. मागे पत्र्याच्या छताखाली जुन्या मशीनांचा विभाग. तिथे एसी नाही, सोफा नाही. तिथे मी आणि गद्रे सर.

दिल्लीतली ऑफिसं तेव्हा जुने कॉम्प्युटर काढून टाकत होती. नव्या फ्लॅटवाले ते सेकंडहँड घ्यायचे, मांडीवर ठेवून स्कूटरवरून आणायचे आणि म्हणायचे, "इसमें कुछ डाल दो." ते 'कुछ' म्हणजे काय, हे ठरवणं आमचं काम.

निवड तशी सोपी होती. डॉस म्हणजे काळा पडदा, चित्र नाही, माउस नाही, सगळं टाइप करायचं. पण जुनं मशीन त्यावर तुरुतुरु पळायचं. विंडोज म्हणजे रंग, चित्रं, माउस. जुन्या मशीनवर ते चढवलं की मशीन जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं धापा टाकायचं. सगळ्यांना अर्थातच विंडोज हवं असायचं. का? तर शेजाऱ्याकडे आहे!

गद्रे सरांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की ते स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "पहले काम दिखाइए." म्हणजे घरी तुम्ही या मशीनवर जे करता, ते इथे माझ्यासमोर बसून करून दाखवा. स्वतः हाताची घडी घालून मागे उभे राहायचे. पाहून झालं की मग काय टाकायचं ते ठरवायचे.

खुराणांना ही पद्धत अजिबात पसंत नव्हती. "गद्रेजी, ग्राहक खड़ा रहता है तो खरीदता है. बैठ गया तो सोचने लगता है!"

गद्रे सर दुकानात सर, पण महाराष्ट्र मंडळात माझे गद्रेकाका. काकू केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे सरोजिनी नगरात क्वार्टर. सरांनी पन्नाशी ओलांडलेली, मुलगी अजून कॉलेजात. आणि खुराणा येता-जाता ऐकवायचे, "ये पीछेवाला कबाड़ बंद करना है." मागचं बंद झालं की सरही गेले, हे उघड होतं. सगळी दिल्ली नव्याच्या मागे धावत असताना जुन्या मशीनच्या माणसाला कोण घेणार? हे सरांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. सर मात्र शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे खुर्ची सरकवायचे.

* * *

एक वकीलसाहेब आले. मयूर विहारचे. मशीन इतकं जुनं की पडद्यावर फक्त हिरवी अक्षरं उमटायची.

"काम दिखाइए," सर म्हणाले.

वकीलसाहेब बसले आणि नोटीस टाइप करायला लागले. काय तो वेग! बोटं दिसतच नव्हती. एक चूक नाही. नोटीस पुरी करून त्यांनी विजयी चेहऱ्याने सरांकडे पाहिलं.

"वकीलसाब, आपको तो कुछ नहीं चाहिए," सर म्हणाले. "डॉस है, टाइपिंग है, सब बढ़िया चल रहा है."

"विंडोज चाहिए."

"इसमें नहीं आएगा."

"क्यों नहीं आएगा?"

सरांनी समजावलं. डिस्कमध्ये जागा नाही, मेमरी नाही, पडद्याला रंग नाही. वकीलसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग वाटाघाटीला बसल्यासारखे पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"ठीक है. पूरा नहीं आता, तो जितना आता है उतना डाल दीजिए!"

* * *

एक जोडपं गुडगावचं. त्यांचा फ्लॅट इतका नवा की लिफ्टचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं, हे त्यांनीच कौतुकाने सांगितलं.

"काम दिखाइए."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने मशीनकडे. मग नवऱ्याने मशीन चालू केलं, हात मांडीवर ठेवले आणि दोघं गप्प बसून राहिले.

"आगे?" सरांनी विचारलं.

"बस, इतना ही. मेहमान आते हैं तो ऑन करते हैं."

मला हसू आवरेना. मी कुठलीशी केबल शोधायला टेबलाखाली गेले. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मेहमानों को क्या दिखना चाहिए?"

"तारे," बायको म्हणाली. "हमारे बॉस के घर में तारे उड़ते हैं."

सरांनी डॉसवरच चालणारा एक लहानसा प्रोग्रॅम टाकून दिला. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर तारे अंगावर यायचे. जोडपं खूश! ते गेल्यावर सर मला म्हणाले, "हसू नकोस. आपल्याकडे आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक, ज्याला आपलं काम नक्की माहीत आहे."

काही आठवड्यांनी नवरा एकटाच परत आला. चेहरा ओढलेला.

"क्या हुआ, तारे बंद हो गए?"

"नहीं जी, तारे तो चल रहे हैं. मेहमान नहीं जाते! बैठे देखते रहते हैं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "उसका," ते म्हणाले, "अभी तक कोई सॉफ्टवेयर नहीं आया."

* * *

आता हा किस्सा हसत सांगावा की कसा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

यूपीएससीची तयारी करणारी चार मुलं. लातूर-साताऱ्याकडची, मुखर्जीनगरच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकत्र राहायची. चौघांत मिळून एक मशीन. मंडळात गणपतीच्या जेवणाला सरांची आणि त्यांची ओळख झाली आणि तिथून ती सरांच्या गळ्यातच पडली.

त्यांचा वाद असा, की दोघांना नोट्स काढायला साधं डॉस हवं होतं आणि दोघांना गेम खेळायला विंडोज. सरांनी मशीन चालू होतानाच यादी दाखवायची सोय करून दिली. एक दाबलं की अभ्यास, दोन दाबलं की गेम.

पूर्वपरीक्षा जवळ आली तशी चौघं मशीन घेऊन हजर. "सर, दोन नंबर काढून टाका. अभ्यास होत नाहीये."

सरांनी दोन नंबर काढला.

परीक्षा झाली. चौघं परत आले. "सर, दोन नंबर परत टाका ना प्लीज."

सरांनी परत टाकला. मी वैतागून म्हणाले, "अरे, हे दुकान आहे की धर्मशाळा?" त्यातला एक म्हणाला, "ताई, धर्मशाळेत चहा मिळत नाही."

मग निकाल लागला. पुन्हा चौघं आले. या वेळी कुणी चहाचं नाव काढलं नाही. मशीन टेबलावर ठेवलं आणि सगळ्यात मोठा होता तो म्हणाला,

"सर, आता एक नंबर काढून टाका."

सरांनी मशीनची वायर नीट गुंडाळली. मग म्हणाले, "एक नंबर निघत नाही. तो काढला तर डिस्क जाते."

"खरंच सर?"

"मी कशाला खोटं बोलू?"

चौघं मशीन उचलून निघून गेले. डिस्कला काहीही झालं नसतं. दोन मिनिटांचं काम होतं ते. इतक्या वर्षांत सरांनी गिऱ्हाइकाला मारलेली ही एकच थाप मी पाहिली आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशीचा चहा मी माझ्या पैशाने मागवला.

* * *

खुराणांनी एक दिवस नवीन धोरण काढलं. मागे येणाऱ्या प्रत्येक मशीनवर, कितीही जुनं असलं तरी, विंडोज चढवायचं. विचारायचं नाही, बसवायचं नाही, काम बघायचं नाही.

"पर सर, मशीन रेंगेगी," मी खुराणांना म्हणाले.

"रेंगने दो! रेंगेगी तो ग्राहक तंग आएगा. तंग आएगा तो आगे आएगा, नई खरीदेगा." एवढं बोलून त्यांनी शोरूमकडे बोट केलं. मग गद्रे सरांकडे पाहून सावकाश म्हणाले, "नहीं करना है तो बता दीजिए, पीछे आज ही ताला लगा देते हैं."

सरांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. पण पुढचं मशीन आलं ते एका होमिओपॅथ डॉक्टरीणबाईंचं, आणि सरांनी त्यावर विंडोज टाकलं. टाकताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मशीन सुरू व्हायला एवढा वेळ लागला की मी तेवढ्यात डबा धुऊन आले.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाई दुकानात! खुराणांनी लांबूनच त्यांना पाहिलं. केस नीट केले, सोफ्यावरची उशी सरळ केली, कोल्ड्रिंक मागवलं.

"आइए मैडम! बहुत स्लो हो गई न मशीन?"

"बहुत!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मैं तो थैंक्यू बोलने आई हूँ. पहले मशीन झट से खुलती थी, मरीज़ के मुँह खोलने से पहले मैं दवाई देखने लगती थी. अब खुलने तक बेचारा अपनी पूरी बात बता देता है. किसने डाला है ये? मेरी बहन की मशीन में भी यही डलवाना है!"

कोल्ड्रिंक आलेलं होतं. ते खुराणांनीच प्यायलं.

* * *

पण धोरण हरलं म्हणून खुराणा थांबणारे नव्हते. दिवाळीच्या आधी मागच्या विभागाला कुलूप लागलं. जुनी मशीनं भंगारवाल्यासाठी ढीग करून ठेवली. मला शोरूममध्ये घेतलं, कारण मला इंग्रजीत हसता येतं असं खुराणांचं मत होतं. गद्रे सरांना म्हणाले, "आपको भी एक चांस देते हैं." आणि टाय दिला.

टाय लावलेले गद्रे सर! मला बघवेना. ते दारापाशी उभे राहायचे, कारण शोरूममध्ये सेल्समनला खुर्ची नसते.

पहिल्याच आठवड्यात एक चौधरीसाहेब आले. तिथलेच, गावची जमीन सेक्टरात जाऊन पैसा आलेले. पांढरा कुर्ता, नवी गाडी, बरोबर दहावीतली मुलगी. खुराणांचे डोळे चमकले. चौधरीसाहेब आत पाऊल टाकताच म्हणाले, "जो सबसे बड़ावाला है, वो दे दो."

खुराणांनी सरांना खूण केली: विका!

सरांनी इकडेतिकडे पाहिलं, खुद्द खुराणांची खुर्ची ओढली आणि मुलीकडे सरकवली. "बेटा, काम दिखाओ."

मुलगी बसली. कीबोर्डवर हात ठेवायला बिचकत होती. म्हणाली, "स्कूल में एक ही है. मैम चलाती हैं, हम देखते हैं."

सरांनी सगळ्यात मोठ्या मशीनकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं. मग चौधरीसाहेबांना म्हणाले, "अभी मत लीजिए."

खुराणांनी उघडलेलं बिलबुक मिटलं.

"पीछे एक पुरानी पड़ी है," सर पुढे म्हणाले. "डॉस डाल देता हूँ, टाइपिंग सिखानेवाला प्रोग्राम डाल देता हूँ. ऐसे ही ले जाइए, कबाड़ में ही जानेवाली है. इसका हाथ बैठ जाए, फिर आइए. तब मैं बताऊँगा क्या लेना है."

चौधरीसाहेबांनी ते जुनं मशीन उचललं, सरांना रामराम केला आणि गेले. मुलगी मागे वळून वळून बघत होती. खुराणांनी काचेचं दार बंद होईपर्यंत वाट पाहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "गद्रेजी, आप कल से आराम कीजिए."

सरांनी टाय काढला, त्याची घडी घातली, काउंटरवर ठेवला. मला म्हणाले, "निघतो गं." बस्स! मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी टायची घडी उगाच सरळ करत राहिले.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. मंडळात काकू भेटल्या की म्हणायच्या, "शोधतायत." सर दिसायचे ते जास्त बारीक दिसायचे. रोज बायोडेटा घेऊन बाहेर पडायचे आणि सगळीकडे एकच प्रश्न, "विंडोज आता है?" येत होतं हो सगळं! पण पांढरे केस बघून लोक आधीच नाही म्हणायचे.

मग एका शनिवारी चौधरीसाहेब पुन्हा आले. मुलगी बरोबर होतीच, शिवाय तीन भाऊ, त्यांची मुलं, आणि एक काठीवाले ताऊजी, म्हणजे थोरले काका. सगळे शोरूममध्ये शिरले आणि सोफा भरून गेला.

"वो साहब कहाँ हैं?" चौधरीसाहेबांनी विचारलं. "जो मना करते हैं?"

खुराणा म्हणाले, "मैं हूँ न, मालिक मैं हूँ. बताइए, क्या दिखाऊँ?"

"आप तो बेचोगे," ताऊजी म्हणाले. "हमें उनसे पूछना है. चारों भाइयों के घर में लगनी है. वो हाँ कहेंगे तो लेंगे."

खुराणांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. "वो... छुट्टी पे हैं."

"कोई बात नहीं," चौधरीसाहेब म्हणाले. "हम बैठे हैं." आणि सगळ्यांनी चपला काढून पाय वर घेतले.

खुराणांनी मला कोपऱ्यात नेलं. "घर मालूम है न? जाओ, ले के आओ. बोलो, खुराणा साहब ने याद किया है." गद्रेकाकांचा फोन बरेच दिवस डेड होता, म्हणून मी गेले. दिल्लीची ऑटो नोएडात येत नाही, नोएडाची दिल्लीत जात नाही. बॉर्डरवर ऑटो बदलून, धूळ खात सरोजिनी नगरला पोचले.

शनिवार असल्याने काकू घरी होत्या. दार उघडून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत काका झोपले होते. अंगावर पांघरूण, चष्मा उशीजवळ, मस्त घोरत होते.

"किती दिवसांनी झोप लागलीये त्यांना," काकू कुजबुजल्या. "काय झालं?"

मी सगळं सांगितलं. चौधरी, ताऊजी, भरलेला सोफा, चार घरं. काकूंनी ऐकून घेतलं. चहा टाकला. मी म्हटलं, "काकू, उठवायचं का? खुराणा वाट बघतायत."

"आणि उठवलं की हे चप्पल घालून तुझ्याबरोबर निघतील," काकू म्हणाल्या. "पैशाचं विचारणार नाहीत, खुर्चीचं विचारणार नाहीत. मी काय ओळखत नाही यांना?" त्यांनी चहा गाळला, कप माझ्या हातात दिला. "निवांत पी. बिस्किट घे. आणि जाऊन सांग, घरी नव्हते. इंटरव्ह्यूला गेलेत म्हणावं."

"कुठे म्हणून विचारलं तर?"

काकूंनी कॉम्प्युटरच्या दुकानांनी इमारतीच्या इमारती भरलेल्या दिल्लीतल्या बाजाराचं नाव घेतलं. "नेहरू प्लेस."

मी नोएडाला परत पोचले तेव्हा शोरूममध्ये तिसऱ्यांदा चहा फिरत होता. ताऊजी सोफ्यावर आडवे झाले होते. चौधरीसाहेबांची मुलगी काउंटरवरच्या डेमो मशीनवर बसून धडाधड टाइप करत होती, बोटांकडे न बघता. खुराणा दारातच उभे होते.

"अकेली आई हो? गद्रेजी कहाँ हैं?"

"घर पे नहीं थे सर. इंटरव्ह्यू देने गए हैं."

"इंटरव्ह्यू? कहाँ?"

"नेहरू प्लेस."

खुराणांनी सोफ्याकडे पाहिलं. ताऊजींनी एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. खुराणांनी काउंटरवरची गाडीची चावी उचलली.

"कौन सी बिल्डिंग?"